वस्तीत शिरताना, वस्तीतून निघताना

बॅले शिकायला आलेल्या मुलीच्या कानावर सुरुवातीच्या दिवसांतच एक सूचना पडते: मागचा भाग आत घे. कणा ताठ, पोट आत, आणि कंबरेखाली मागे काही आहे याची चाहूलही लागू द्यायची नाही. ज्यांचं शरीर मुळातच त्या रेषेत बसतं त्यांना यात काही वावगं वाटत नाही. ज्यांचं बसत नाही, त्या मात्र रोज तासभर आरशासमोर उभ्या राहून एवढंच शिकतात, की आई-आजीकडून आलेला आपला बांधा चुकीचा आहे.

१९९५ मध्ये न्यू यॉर्कच्या ‘अर्बन बुश विमेन’ या नृत्यमंडळीनं ‘बॅटी मूव्ह्ज’ हा नाच मंचावर आणला. शरीराच्या ज्या भागाला लपवायला सांगतात, त्याच भागाचा हा उत्सव. त्याला मराठीत जो रोखठोक शब्द आहे तो दिवाळी अंकात छापताना संपादक दोनदा विचार करतील, आणि नाच नेमका त्या संकोचावरच बेतलेला आहे. वर्गातली पाश्चात्त्य शिस्त आणि आफ्रिकी-कॅरिबियन नाचातली मोकळी कंबर यांची इथे गाठ पडते आणि कंबर बिनदिक्कत जिंकते. प्रेक्षक हसतात, आरोळ्या ठोकतात, आणि हसून झाल्यावर आपण कशाला हसलो हे त्यांचं त्यांना तपासावं लागतं.

या मंडळीला २०२४ मध्ये चाळीस वर्षं झाली. अमेरिकेत समकालीन नृत्याची मंडळी एवढी टिकणं हेच नवल, त्यातून कृष्णवर्णीय बायकांनी चालवलेली टिकणं तर फारच. तरी या लेखाचं कारण ते दीर्घायुष्य नाही. नाच करणं, नाच शिकवणं आणि एखाद्या वस्तीवरच्या अन्यायाला भिडणं, या तीन कामांसाठी आपल्याकडे तीन वेगळी माणसं असतात, तीन वेगळे हिशेब असतात. यांनी ती एकाच तालमीत आणली. आणि वस्तीत कसं शिरायचं, तिथून कसं निघायचं, हे पदन्यासाइतकंच शिकून घ्यायचं तंत्र मानलं. मला त्यांच्या नाचाइतकंच, किंबहुना जरा जास्तच, हे तंत्र महत्त्वाचं वाटतं.

मंडळीच्या संस्थापक जावोले विला जो झोलार. जन्म १९५० चा, मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीतला. शाळांमध्ये गोऱ्या-काळ्या मुलांना वेगळं ठेवणं घटनाबाह्य ठरवणारा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला तेव्हा अजून चार वर्षं होती. लहानपणी त्या जोसेफ स्टीव्हन्सन यांच्याकडे नाच शिकल्या, आणि स्टीव्हन्सन हे कॅथरिन डनहॅम यांच्याकडे शिकलेले. गवयाचं घराणं विचारल्याशिवाय आपण मैफलीत मांडी घालत नाही. झोलार यांच्या बाबतीतही ते विचारलंच पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या घराण्यातून आलं आहे.

डनहॅम (१९०९–२००६) शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकल्या. १९३५-३६ मध्ये शिष्यवृत्ती घेऊन त्या जमैका, हैती, मार्टिनिक, त्रिनिदाद असं हिंडल्या, तिथल्या लोकांत राहून त्यांचे नाच अभ्यासले आणि परत येऊन ते ब्रॉडवेच्या मंचापर्यंत नेले. १९४४ मध्ये केंटकीतल्या लुईव्हिल शहरात प्रयोग संपल्यावर त्यांनी मंचावरूनच प्रेक्षकांना बजावलं, की जिथे गोऱ्यांशेजारी काळ्यांना बसू देत नाहीत तिथे आपण पुन्हा नाचणार नाही. १९५१ मध्ये चिलीतल्या सान्तियागो इथे ‘साउथलँड’ सादर केलं. झुंडीनं काळ्या माणसाला झाडाला लटकावण्यावरचा तो नाच, आणि तोही परक्या देशात. अमेरिकी सरकारी वर्तुळाला तो रुचणं शक्यच नव्हतं. १९६० च्या दशकात त्या इलिनॉयमधल्या ईस्ट सेंट लुईस या दैन्यानं गांजलेल्या शहरात जाऊन राहिल्या, १९६७ मध्ये तिथे कलाप्रशिक्षण केंद्र काढलं आणि रस्त्यावरच्या टोळ्यांतल्या पोरांना ढोल, नाच शिकवायला घेतलं. जगभर नाव झालेल्या कलावंतानं उतारवयात अशा ठिकाणी घर करणं, हे चरित्रकारांना अजूनही नीट झेपत नाही. १९९२ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, हैतीच्या निर्वासितांना परत पाठवलं जात होतं म्हणून त्यांनी ४७ दिवस उपोषण केलं.

त्याच पिढीतल्या पर्ल प्राइमस यांचाही इथे उल्लेख हवा. त्रिनिदादमध्ये जन्मलेल्या, न्यू यॉर्कमध्ये वाढलेल्या. १९४३ मध्ये त्यांनी झुंडबळीवरच्या ‘स्ट्रेंज फ्रूट’ या कवितेवर एकल नृत्य केलं, आणि दुसऱ्याच वर्षी दक्षिणेत जाऊन तिथल्या कुळांबरोबर शेतात कापूस वेचला. ज्यांच्याविषयी नाचायचं त्यांचं काम आधी अंगाला लागलं पाहिजे, अशी ती धारणा. झोलार यांनी पुढे प्राइमस यांच्या रोजनिशांवरून ‘वॉकिंग विथ पर्ल’ ही नृत्यं बसवली.

याच्याही मागे जायचं तर साउथ कॅरोलायनात जावं लागतं. १७३९ मध्ये तिथे स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी बंड केलं, ढोल वाजवत माणसं गोळा केली. बंड मोडलं गेलं आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला: गुलामांनी ढोल बाळगायचे नाहीत, शिंगं फुंकायची नाहीत. ढोल गेल्यावर ताल टाळ्यांत, मांड्यांवरच्या थापांत आणि टाचांत उतरला. किनाऱ्यालगतच्या बेटांवर लाकडी प्रार्थनाघरांत रात्री माणसं वर्तुळ करून घड्याळाच्या उलट दिशेनं पाय घासत फिरत. याला ‘रिंग शाउट’ म्हणतात. त्यात एक कडक नियम होता. एका पायावरून दुसरा पाय ओलांडून जाऊ द्यायचा नाही. पाय ओलांडला की तो नाच झाला, आणि नाच म्हणजे पाप. पाप होऊ न देता रात्रभर नाचायची ही युक्ती फार सुंदर आहे. झोलार यांचं १९९० चं ‘प्रेझ हाउस’ याच वातावरणातलं. ते मिनी एव्हान्स यांच्यावरून सुचलेलं. या बाई नॉर्थ कॅरोलायनातल्या एका बागेच्या फाटकावर तिकिटं विकायच्या आणि स्वप्नात दिसलेली दृश्यं कागदावर रंगवायच्या.

झोलार १९८० मध्ये न्यू यॉर्कला आल्या, हार्लेममध्ये डायॅन मॅकिन्टायर यांच्याकडे राबल्या. तिथे नर्तक आणि जॅझ वादक एकत्र तालीम करत. वादकानं वळण घेतलं की नर्तकानं ते अंगावर घ्यायचं. १९८४ मध्ये स्वतःची मंडळी काढली. त्या काळात न्यू यॉर्कच्या पदपथांवर बेघरांची संख्या डोळ्यांत खुपण्याइतकी वाढली होती. १९८८ च्या ‘शेल्टर’मध्ये नर्तकींचा एक ढीग मंचावर पडलेला असतो. ओझं फेकावं तसा. त्या ढिगातून अंगं सुटी होतात, धावतात, आपटतात, आणि सोबत शब्द चालू असतात: चांगलं घर असलेला माणूस पायरी पायरीनं रस्त्यावर कसा येतो याचे. १९९२ मध्ये आल्विन एली यांच्या सुप्रसिद्ध मंडळीनं हा नाच आपल्याकडे घेतला आणि पुढेही तो मंचावर येत राहिला. अमेरिकेतला बेघरांचा प्रश्न जुना होत नाही, हे त्याचं उघड कारण.

इथवर ही एका गुणी नृत्यदिग्दर्शिकेची गोष्ट आहे. वेगळी वाट यानंतर लागते.

दौऱ्यावरच्या प्रत्येक नृत्यमंडळीला एक काम करावंच लागतं. गावात प्रयोग असला की सकाळी तिथल्या शाळेत किंवा समाजमंदिरात दोन तासांचा वर्ग घ्यायचा. मुलं हसतात, फोटो निघतात, अनुदानाच्या अहवालात एक ओळ वाढते, संध्याकाळी मंडळी पुढच्या गावाला रवाना. आपल्याकडे याला कार्यशाळा म्हणतात आणि तिची तऱ्हा वेगळी नाही. व्यसनमुक्तीवर अर्ध्या तासाचं पथनाट्य करून परतीची बस पकडणारे महाविद्यालयीन गट कुणी पाहिले नाहीत? त्या वस्तीला आपण काय दिलं, हा प्रश्न ते घरी जाऊन विचारत असतील तर माहीत नाही. वस्तीला मात्र उत्तर ठाऊक असतं.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘अर्बन बुश विमेन’नं न्यू ऑर्लिन्समध्ये मोठा मुक्काम केला आणि तिथल्या स्थानिक गटांबरोबर काम केलं. त्या आणि तशा मुक्कामांतून त्यांची एक पद्धत घडत गेली. तिचे तीन टप्पे: वस्तीत प्रवेश, तिथली उभारणी, आणि निरोप. ऐकायला सोपं आहे. पण प्रत्येक टप्प्याच्या पोटात बोचरे प्रश्न आहेत. आपल्याला बोलावलं कुणी? ज्यानं बोलावलं तो वस्तीचा आहे, की वस्तीच्या नावानं बोलणारा? आपण यायच्या आधी इथे कोण काम करत होतं, आणि आपल्या येण्यानं त्याच्या कामाला बळ मिळणार की त्याचा पैसा नि मान आपल्याकडे वळणार? इथल्या लोकांकडे आधीच कोणते नाच, कोणती गाणी, कोणती कौशल्यं आहेत? मग तिसरा टप्पा, ज्याचा विचार जवळपास कुणीच करत नाही. आपण गेल्यावर काम कोण धरून ठेवणार, आणि ते आजपासून कुणाच्या हातात द्यायला लागायचं?

हे शिकवण्यासाठी त्यांनी १९९७ मध्ये फ्लोरिडातल्या टॅलाहसी इथे दहा दिवसांचं उन्हाळी नेतृत्व शिबिर सुरू केलं. झोलार यांनी जिथे पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि नंतर वर्षानुवर्षं शिकवलं, ते फ्लोरिडा स्टेट विद्यापीठ याच शहरातलं. पुढे शिबिर न्यू ऑर्लिन्सला गेलं. इथे व्यावसायिक नर्तक येतात, तसेच शिक्षक, वस्तीत संघटनाचं काम करणारे, कवी, कधी नाचाशी काही संबंध नसलेलेही. आणि सगळेच नाचतात. न्यू ऑर्लिन्समध्येच १९८० पासून काम करणारी ‘पीपल्स इन्स्टिट्यूट फॉर सर्व्हायव्हल अँड बियाँड’ ही संस्था त्यांना वंशवाद कसा चालतो हे शिकवते. तो वैयक्तिक दुष्टपणात कमी आणि शाळा, बँक, दवाखाना, पोलीस ठाणं यांच्या रोजच्या कामकाजात जास्त असतो, हा त्या शिकवणुकीचा गाभा. एकीकडे हे डोक्यात चाललेलं असताना दुसरीकडे घामाघूम अंगानं नाच चालू. जे बोलताना जड जातं ते अंगाला विचारायचं, आणि अंगानं जे सांगितलं ते पुन्हा बोलून पाहायचं.

चर्चेची एक रीतही या क्षेत्रातल्या मंडळींनी उचलली. ती लिझ लर्मन यांची. वॉशिंग्टनमध्ये १९७६ साली ‘डान्स एक्स्चेंज’ काढून वृद्धांना व्यावसायिक नर्तकांच्या शेजारी मंचावर उभं करणाऱ्या या बाईंनी १९९० मध्ये अपुऱ्या, कच्च्या कलाकृतीवर बोलायची चार पायऱ्यांची पद्धत बसवली. आधी प्रेक्षकांनी सांगायचं, काय भिडलं. मग कलावंतानं त्यांना प्रश्न विचारायचे. मग प्रेक्षकांनी कलावंताला, पण मत न घुसवता. आणि मत द्यायचंच असेल तर शेवटी, परवानगी मागून. आपल्या नाट्यस्पर्धांनंतरच्या परीक्षकांच्या ‘मार्गदर्शना’त ही पद्धत एकदा वापरून पाहायला हरकत नाही. निम्मे भाषणबाज गप्प होतील. लर्मन आणि झोलार यांनी पुढे अमेरिकेतली श्रीमंती आणि गरिबी यांवर ‘ब्लड, मसल, बोन’ हे कामही एकत्र केलं.

मंडळीच्या तीन टप्प्यांच्या पद्धतीची खरी परीक्षा २००१ च्या ‘हेअर स्टोरीज’मध्ये झाली. विषय केस. कृष्णवर्णीय बाईचे कुरळे, दाट केस अमेरिकेत शतकभर तापलेल्या लोखंडी फणीनं नि रसायनांनी सरळ केले गेले. शाळेत, मुलाखतीत, चर्चमध्ये ‘नीटनेटकं’ दिसण्यासाठी. मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) या गुलामीतून सुटलेल्या आई-बापांच्या मुलीनं काळ्या बायकांच्या केसांच्या मलमांवर एवढा धंदा उभा केला, की अमेरिकेतल्या पहिल्या स्वकष्टार्जित धनवान स्त्रियांत तिचं नाव घेतलं जातं. म्हणजे केसांत लाजही आहे आणि रोजगारही, जाच आहे आणि आईच्या मांडीत डोकं ठेवून बसण्याचा जिव्हाळाही. यावर नाच बसवताना मंडळीनं ‘हेअर पार्टी’ भरवल्या. घरांत, केस करायच्या दुकानांत, समाजमंदिरांत लोकांना जमवायचं, थोडं नाचून दाखवायचं, आणि विचारायचं: ‘चांगले केस’ हे शब्द तुम्ही पहिल्यांदा कुणाच्या तोंडून ऐकले? एवढ्या एका प्रश्नावर तास निघून जातात. त्या गप्पांतून निघालेले किस्से, हातवारे, मान वेळावणं नाचात आलं, आणि पुढच्या गावच्या गप्पांनी नाच पुन्हा बदलला. शिकवणं इथे प्रयोगाच्या आधी येतं आणि प्रयोगाला कच्चा माल पुरवतं. प्रयोगानंतर चिकटवलेली समाजसेवा ती राहत नाही.

केस हा न्यायाचा विषय असू शकतो हे महाराष्ट्राला पटवून द्यायला नको. विधवांच्या केशवपनाला नकार देत नाभिकांनी १८९० मध्ये मुंबईत घेतलेल्या पवित्र्याचा इतिहास आपल्याकडे आहे. अमेरिकेत कायदा जागा व्हायला वेळ लागला. केसांच्या ठेवणीवरून नोकरीत वा शाळेत भेदभाव करू नये, असा राज्याचा पहिला कायदा कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये केला. मंडळीनं त्याआधीच हा विषय पुन्हा हाती घेऊन ‘हेअर अँड अदर स्टोरीज’ या नव्या रूपात फिरवायला सुरुवात केली होती.

आता आक्षेपाकडे वळू, कारण तो बिनबुडाचा नाही. १९९४ च्या डिसेंबरात ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाच्या नृत्यसमीक्षक आर्लिन क्रोची यांनी नृत्यदिग्दर्शक बिल टी. जोन्स यांच्या ‘स्टिल/हिअर’वर एक लेख लिहिला. जोन्स यांनी जीवघेणे आजार झालेल्या लोकांबरोबर ठिकठिकाणी कार्यशाळा घेतल्या होत्या आणि त्यांच्या हालचाली, त्यांचे शब्द नाचात वापरले होते. जोन्स स्वतः एचआयव्हीबाधित, त्यांचे जोडीदार आर्नी झेन १९८८ मध्ये एड्सनं गेलेले. क्रोची यांनी लिहिलं ते एवढंच, की मी हा प्रयोग पाहिलेला नाही आणि त्याचं परीक्षण लिहिण्याचा माझा विचारही नाही. कारण जिच्याविषयी फक्त दया वाटू शकते ती कलाकृती समीक्षेच्या टप्प्यातच राहत नाही. न पाहिलेल्या प्रयोगावर लेख लिहिणं हा उद्धटपणा होता, आणि अमेरिकी कलाजगत त्यावर कित्येक महिने भांडत राहिलं. पण लेखात एक काटा आहे. पीडिताच्या कहाणीला टाळी द्यायची की नाचाला? नाच वाईट असेल तर सांगायची सोय उरते का?

माझ्या मते ‘अर्बन बुश विमेन’कडे याचं अर्धं उत्तर आहे. त्यांच्या नर्तकींचं तंत्र कसलेलं आहे. पाय जमिनीत, पाठ लवचीक, उडी खालून वर फुटणारी, आणि बोलता बोलता, गाता गाता नाचायचा दम. ‘शेल्टर’ पाहताना बेघरांची दया येण्याआधी श्वास अडकतो तो अंगांच्या वेगानं. इथे क्रोची हरतात. पण सगळीकडे नाही. काही नृत्यांत शब्द फार होतात. शरीरानं नुकतंच जे सांगितलं त्याचं निरूपण लगेच संवादातून येतं, प्रेक्षकांशी थेट बोलण्याचे भाग लांबतात, आणि मंचावर क्षणभर शिबिराचा फळा टांगल्यासारखं होतं. शिकवण्याचं व्यसन वाईटच. जलसे आणि कलापथकं यांच्या वारशात वाढलेल्या मराठी रसिकाला तो घोट ओळखीचा वाटेल.

मंडळीचं मला सर्वांत आवडलेलं काम मात्र असं बोलघेवडं नाही. २००८ मध्ये त्यांनी सेनेगलच्या जर्मेन अकोनी यांच्या ‘जांट-बी’ या पुरुष नर्तकांच्या मंडळीबरोबर ‘स्केल्स ऑफ मेमरी’ केलं. अमेरिकेच्या सात बायका, आफ्रिकेचे सात पुरुष. ज्यांचे पूर्वज जहाजात कोंबून नेले गेले त्या, आणि ज्यांचे पूर्वज मागे राहिले ते. एकमेकांना नातलग म्हणावं तर भाषा एक नाही, परकं म्हणावं तर खांद्याची लय तीच. समोरासमोर उभं राहून ते एकमेकांना जोखतात तेव्हा समजावून सांगायला कुणीच येत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

या कथेचा एक धागा आपल्याकडे येतो, तोही अनपेक्षित जागेवरून. ज्या १९८४ मध्ये झोलार यांनी मंडळी काढली त्याच वर्षी मुंबईत पौर्वात्य-पाश्चात्त्य नृत्यसंवाद भरला आणि चंद्रलेखा अनेक वर्षांच्या विरामानंतर त्यात मंचावर परतल्या. त्यांचा जन्म १९२८ चा, आजच्या पालघर जिल्ह्यातल्या वाड्याचा, कर्मभूमी चेन्नई. भरतनाट्यमची सजावट उतरवून त्यांनी योग, कळरीपयट्टू आणि नृत्य यांतलं एकच मूळ शोधलं. १९८५ च्या ‘अंगिका’पासून २००१ च्या ‘शरीर’पर्यंत. मधल्या विरामात त्या स्त्री-चळवळीसाठी पोस्टरं काढत होत्या, आणि १९८२ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा गुन्हाही दाखल झाला होता, जो पुढे मागे घेतला गेला. कोलकात्याच्या अनन्या चटर्जी यांनी या दोघींना, झोलार आणि चंद्रलेखा यांना, शेजारी ठेवून २००४ मध्ये ‘बटिंग आउट’ हा ग्रंथ लिहिला. पाश्चात्त्य समीक्षा जिला समकालीन म्हणते तिच्या बाहेरही समकालीन घडतं, आणि ते कुणाचं उसनं नसतं, असा त्याचा रोख.

चटर्जी ग्रंथ लिहून थांबल्या नाहीत. संजुक्ता पाणिग्रही यांच्याकडे ओडिसी शिकलेल्या या बाईंनी त्याच वर्षी मिनेसोटात ‘अनन्या डान्स थिएटर’ सुरू केलं: ओडिसी, मयूरभंज छाऊ आणि योग यांतून घडवलेलं तंत्र, आणि नाचणाऱ्या मुख्यतः गोऱ्या नसलेल्या समाजांतल्या बायका. २०१० ते २०१३ या काळात त्यांनी माती, सोनं, तेल आणि पाणी यांपायी बायकांवर होणाऱ्या हिंसेवर एकापाठोपाठ एक चार नृत्यं केली. २०१८ मध्ये सेंट पॉल शहरात ‘शॉन्ग्राम’ ही कला आणि सामाजिक न्यायाची शाळाच काढली. २०२२ चं ‘नून घेराओ’ मरिचझांपीवर आहे. दंडकारण्यात पाठवलेले, बहुतांश दलित असलेले बंगाली निर्वासित १९७८ मध्ये तिथून निघून सुंदरबनातल्या त्या बेटावर वसले, आणि १९७९ मध्ये सरकारनं नाकेबंदी करून, गोळ्या घालून बेट रिकामं केलं. मिनेसोटातल्या नाट्यगृहात हा नाच झाला. त्याच दंडकारण्यातल्या बंगाली निर्वासितांची गावं आपल्या गडचिरोली जिल्ह्यात, मुलचेरा-चामोर्शी भागात आजही आहेत, आणि मरिचझांपी हे नाव मराठी रंगभूमीला जवळजवळ अपरिचित आहे.

‘बॅटी मूव्ह्ज’ पाहून मराठी माणसाला लावणी आठवणारच. तर मग आपणही कंबरेचा असाच उत्सव करावा, असं म्हणायला जीभ वळवळते. जरा थांबावं. येरवड्यात वाढलेल्या आणि आता सिनसिनाटी विद्यापीठात शिकवणाऱ्या इतिहासकार शैलजा पाईक यांचं २०२२ चं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ हे पुस्तक आधी वाचावं. तमाशातल्या दलित बाईला एकाच वेळी जातीनं नाचायला लावलं, त्यावरून अश्लील ठरवलं, आणि त्यातच तिचं पोट नि तिची कला दोन्ही अडकली, असा तो गुंता आहे. माणुसकी हवी तर हे सोडा, असं आंबेडकरी चळवळीनं सांगितलं त्यामागे अपमानाचा मोठा इतिहास होता. सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी तमाशाचा सांगाडा घेतला नि शृंगार बाजूला सारला, तोही याचमुळे. दुसरीकडे त्या निर्णयाची किंमत नाचणाऱ्या बाईनंच मोजली, हेही खरं. काळ्या बाईच्या देहावरही नजरेचा असाच इतिहास आहे: दक्षिण आफ्रिकेतून आणून १८१० पासून लंडन-पॅरिसमध्ये प्रदर्शनात मांडलेल्या सारा बार्टमनचे अवशेष मायदेशी परतायला २००२ साल उजाडलं. झोलार यांच्या नर्तकी तो इतिहास पाठीवर घेऊनच नाचतात, पण नाच त्यांनी स्वतः निवडलेला असतो, प्रयोग त्यांच्या मालकीचा असतो, आणि आधी वस्तीत बसून त्यावर बोलणं झालेलं असतं. शहरी मंचावर लावणीचं ‘सक्षमीकरण’ करणाऱ्यांनी स्वतःला तेच विचारावं: फडातल्या बाईनं आपल्याला बोलावलं आहे का, आणि तिकिटाच्या पैशांत तिचा वाटा किती?

झोलार यांना २०२१ मध्ये मॅकआर्थर शिष्यवृत्ती मिळाली, वयाच्या सत्तरीत, आणि पुढच्या वर्षी गिश पारितोषिक. पाईक यांना २०२४ ची मॅकआर्थर. २०२३ मध्ये ह्यूस्टन ग्रँड ऑपेरानं ‘इंटेलिजन्स’ या नव्या ऑपेराचं दिग्दर्शन झोलार यांच्याकडे दिलं; अमेरिकी यादवी युद्धात हेरगिरी केलेल्या एका गुलाम स्त्रीची ती कथा, आणि त्यात त्यांच्या मंडळीच्या नर्तकी नाचल्या. मंडळीची कलात्मक धुरा त्यांनी याआधीच पुढच्या पिढीकडे सोपवली होती. शनॉन जडसन आणि मामे जारा स्पीस, दोघीही मंडळीत नाचून तयार झालेल्या. वस्तीतून कसं निघायचं हे इतरांना शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःच्या मंडळीबाबतही तो धडा पाळला, याचं मला पारितोषिकांपेक्षा अधिक कौतुक वाटतं.

महाराष्ट्रात अशा कामाला कलावंत कमी नाहीत. अडतं ते पैशाच्या वाटपात. नाट्य परिषदा, विद्यापीठं, कंपन्यांचे सामाजिक निधी पैसे देतात ते प्रयोगाला: मंच, दिवे, ध्वनी, पाहुण्यांचा सत्कार. प्रयोगाआधी वस्तीत घालवलेल्या महिन्यांचं मानधन कुठल्या अर्जाच्या रकान्यात बसत नाही, आणि प्रयोगानंतरच्या महिन्यांचं तर कुणी विचारतही नाही. या दिवाळीत हा अंक ज्यांच्या हाती पडेल त्यांच्यात असे पैसे मंजूर करणारेही काही जण असतील. त्यांनी पुढच्या वर्षीच्या अर्जात हे दोन रकाने वाढवावेत, आणि त्यातला एक वस्तीतल्या माणसानं भरायचा असावा.